वॉचडॉग ड्रायव्हरचा रिव्ह्यू करतोय, बोर्ड बूट होतानाच रीसेट होतोय – मदत हवी आहे

रात्रपाळी
मंडळी, लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरवर काम केलेलं कुणी आहे का इथे? आमच्या बोर्डावरच्या हार्डवेअर वॉचडॉगचा (ठरल्या वेळात 'जिवंत आहे' असा पिंग आला नाही की बोर्ड रीसेट करणारा टायमर) ड्रायव्हर सहकाऱ्याने लिहिलाय आणि रिव्ह्यू माझ्या गळ्यात पडलाय. चेकपॅचची (कर्नलचा कोड तपासणारी स्क्रिप्ट) एकही तक्रार नाही. टेबलावरचा बोर्ड रात्रभर चालतो. फील्डला जाणारी सॉफ्टवेअरची इमेज टाकली की बूट होता होता रीसेट. तेही दर वेळी नाही, मधूनच. सोमवारी मुख्य कोडमध्ये मर्ज करायचंय. अशा ड्रायव्हरमध्ये नक्की काय तपासायचं? 'गुगल करा' म्हणू नका, करून झालंय.

पाटी_पेन्सिल
कर्नल कुठला? चिप कुठली? टाइमआउट किती? पिंग कोण करतं, सिस्टिमडी (लिनक्समधले बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारा प्रोग्रॅम) की दुसरं कुणी? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणून बसल्यासारखं झालं हे.

सोल्डरदादा
चिपच्या पोटातल्या वॉचडॉगवर विसंबूच नये. क्लॉक अडकलं की तोही अडकू शकतो. बाहेरून टीपीएस३८२३ लावा, साधारण १.६ सेकंदांत पिंग आला नाही की सरळ रीसेट. मी कायम हेच लावत आलोय.

पाटी_पेन्सिल
दादा, १.६ सेकंदांत आमचा कर्नल धड उलगडतही नाही. आणि त्यांचा बोर्ड छापून झालाय, त्याचं काय करायचं?

सोल्डरदादा
पिंगची पिन अधांतरी सोडली की तो वॉचडॉग गप्प बसतो, बूट संपेपर्यंत तशीच ठेवायची. डेटाशीट वाचत जा जरा.

रात्रपाळी
बाहेरचं काही लावता येणार नाही, विषय संपला. कर्नल ५.१०. चिपचं नाव आणि कोड इथे टाकता येत नाही, एनडीए (गोपनीयतेचा करार) आहे. टाइमआउट ६० सेकंद. सिस्टिमडी नाही, बिझीबॉक्सचा (छोट्या लिनक्स टूल्सचा संच) वॉचडॉग डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आहे, स्टार्टअप स्क्रिप्टांत सगळ्यात शेवटी सुरू होतो.

भुईकोट
कोड नाही तर आंधळी कोशिंबीर खेळू. सेट-टाइमआउट फंक्शनमध्ये किमान-कमालची तपासणी हाताने केली असेल तर काढायला सांगा, कोअर (कर्नलमधला सगळ्या वॉचडॉगांचा सामाईक कोड) ती आधीच करतो. पण तिथे टाइमआउट फील्ड अद्ययावत करणं ड्रायव्हरचंच काम आहे, ते बऱ्याच जणांच्या हातून राहतं. डिव्हाइस ट्रीमधला (कर्नलला बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) टाइमआउट घ्यायला वॉचडॉग-इनिट-टाइमआउट बोलावलंय का? क्लॉक चालू केल्यावर पुढे एरर आली तर ते बंद होतं का?
मला खरा संशय मात्र वेगळाच आहे. टेबलावरच्या आणि फील्डच्या इमेजमध्ये फरक काय? बूटलोडर (कर्नलच्या आधी चालून त्याला सुरू करणारा प्रोग्रॅम) एकच आहे का?

करडा_उंट
क्लॉकसाठी डेव्हएम-क्लॉक-गेट-एनेबल्ड वापरा, एका ओळीत काम.

भुईकोट
५.१० म्हणालेत ते. हे फंक्शन २०२२मध्ये आलं. इथे क्लॉक आपोआप बंद व्हायला डेव्हएम-अ‍ॅड-अ‍ॅक्शन-ऑर-रीसेट लावायचं.

रात्रपाळी
बूटलोडरचा आणि ड्रायव्हरचा काय संबंध? फील्डवाला यू-बूट नवीन आहे, टेबलावर जुनाच. फील्डच्या इमेजमध्ये डेटा पार्टिशन मोठं आहे, वीज गेली असेल तर त्याचं एफएससीके (डिस्कची तपासणी) बराच वेळ चालतं.

भुईकोट
सगळा संबंध तिथेच आहे. नवा यू-बूट वॉचडॉग चालू करूनच कर्नलच्या हाती बोर्ड देत असणार. तुमचा ड्रायव्हर येतो, नोंदणी करतो आणि डेमनची वाट बघत बसतो. मधल्या काळात पिंग करायला कुणीच नाही. एफएससीके लवकर आटोपलं तर निभावतं, लांबलं की रीसेट. म्हणून 'मधूनच'.
प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होताना चालणारं फंक्शन) वॉचडॉगचं कंट्रोल रजिस्टर वाचा. वॉचडॉग आधीच चालू असेल तर नोंदणीपूर्वी डब्ल्यूडॉग-एचडब्ल्यू-रनिंग हा बिट लावायला सांगा. मग डेमन येईपर्यंत कोअर स्वतः पिंग करतो. कर्नल कॉन्फिगमध्ये वॉचडॉग-हँडल-बूट-एनेबल्ड चालू असायला हवं.

पाटी_पेन्सिल
+१. बहुतेक हेच.

नुसताच_वाचक
छान माहिती. घरचा वायफाय राउटर मध्यरात्री आपोआप रीस्टार्ट होतो, तेही वॉचडॉगमुळेच का? कंपनीला फोन केला तर घेत नाहीत.

पाटी_पेन्सिल
वॉचडॉग असू शकतो, अडॅप्टरही असू शकतो. आधी अडॅप्टर बदलून बघा. आणि वेगळा धागा काढा.

करडा_उंट
अवांतर: १९९७ साली नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरल्यावर पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं, तेही वॉचडॉगमुळेच. कमी प्राधान्याच्या टास्कने म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून ठेवला आणि महत्त्वाचा टास्क ताटकळला. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून म्यूटेक्सचं प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला तात्पुरतं वाट बघणाऱ्याचं प्राधान्य) चालू केलं.

सोल्डरदादा
म्हणजे वॉचडॉगने आपलं काम चोख केलं, दोष सॉफ्टवेअरचा. मी तरी दुसरं काय म्हणतोय?

रात्रपाळी
मंगळ राहू द्या. बिट लावला, तरी रीसेट होतोच आहे! फक्त आधीपेक्षा दोन-तीन सेकंद उशिरा. उपाय चुकीचा दिसतोय.

भुईकोट
'दोन-तीन सेकंद उशिरा' हे फार कामाचं सांगितलंत. यू-बूटने टाइमआउट किती ठेवलाय? आणि तुमचं पिंग फंक्शन रजिस्टरमध्ये नेमकं काय लिहितं?

रात्रपाळी
यू-बूटमध्ये २०. पिंग फक्त रीलोडची (काउंटर पुन्हा भरायची) किल्ली लिहितं. लोड व्हॅल्यू (काउंटरमध्ये भरायचा टाइमआउटचा आकडा) स्टार्टमध्ये आणि सेट-टाइमआउटमध्ये लिहिली जाते.

भुईकोट
मग झालंच. नोंदणी होताच कोअरने पहिला पिंग केला, म्हणून तेवढा उशीर. पुढचा पिंग तो टाइमआउटच्या निम्म्यावर करतो. ड्रायव्हर म्हणतो ६०, म्हणजे ३० सेकंदांनी. हार्डवेअरमध्ये अजून यू-बूटचे २० आहेत. तिसाव्या सेकंदाला पिंग करायला बोर्ड शिल्लकच नसतो.
वॉचडॉग आधीच चालू असेल तर प्रोबमध्ये स्वतःची लोड व्हॅल्यू लिहा, मग बिट लावा, मग नोंदणी. आणि हेही ध्यानात ठेवा, बिट लागलेला असला की डेमनने डिव्हाइस उघडताना कोअर स्टार्ट बोलावत नाही, नुसता पिंग करतो. म्हणजे 'स्टार्टमध्ये लिहितोच की' हे उत्तर सहकाऱ्याकडून आलं तर मान्य करू नका.

पाटी_पेन्सिल
सगळ्या चिपांना हे जमत नाही हं. एटी९१सॅम९ चिपांमध्ये वॉचडॉगचं मोड रजिस्टर रीसेटनंतर एकदाच लिहिता येतं. यू-बूटने लिहिलं की तुम्ही बसा बघत. काउंटर १२ बिटांचा, सेकंदाला २५६ टिक, म्हणजे १६ सेकंदांच्या वर जाताच येत नाही. तसं असेल तर हार्डवेअरमधला आकडा वाचून मॅक्स-एचडब्ल्यू-हार्टबीटमध्ये मिलिसेकंदांत भरा. मग कोअर त्या हिशेबाने पिंग करतो. रास्पबेरी पायच्या ड्रायव्हरमध्येही ही मर्यादा अशीच दिलेली आहे, तिथे वॉचडॉग जेमतेम १५-१६ सेकंदांचा.

करडा_उंट
पण कोअरच पिंग करत राहिला आणि एफएससीके कायमचं अडकलं तर? बोर्ड जन्मभर लटकलेला आणि वॉचडॉग खूश. याला काय अर्थ आहे?

भुईकोट
रास्त शंका. कर्नल कमांडलाइनवर वॉचडॉग.ओपन_टाइमआउट=१२० द्या. तेवढ्यात कुणी डिव्हाइस उघडलं नाही तर कोअर पिंग थांबवतो. मूळ किंमत ० असते, म्हणजे अनंत वाट. एफएससीकेला जास्तीत जास्त किती लागतं ते मोजून आकडा ठरवा.

सोल्डरदादा
एवढी उस्तवार करण्यापेक्षा बाहेरची चिप बरी.

रात्रपाळी
लोड व्हॅल्यू प्रोबमध्ये लिहिली, रीसेट थांबले. धन्यवाद भुईकोट. आता दुसरंच. अपडेट स्क्रिप्ट डेमनला किल -९ मारते (तडकाफडकी बंद करते), तेव्हा लॉगमध्ये 'वॉचडॉग डिड नॉट स्टॉप!' येतं आणि मिनिटभराने बोर्ड बसतो. हा ड्रायव्हरचा बग धरायचा का?

भुईकोट
नाही. डिव्हाइस बंद करण्याआधी 'व्ही' हे अक्षर लिहिलं तरच वॉचडॉग थांबतो. डेमन मेला असं समजून रीसेट करणं हेच तर त्याचं काम. -९ने डेमनला ते अक्षर लिहायची उसंतच मिळत नाही. -१५ वापरा, त्यात आवरायला वेळ मिळतो. नो-वे-आउट चालू केलंत तर मात्र 'व्ही' लिहूनही थांबणार नाही, तेव्हा जुना डेमन गेल्यावर नवा ६० सेकंदांच्या आत उभा करावा लागेल.

रात्रपाळी
-१५ने झालं. मर्ज करतोय.

पाटी_पेन्सिल
क्लॉकच्या एरर पाथचं काय झालं? तो प्रश्न तसाच राहिलाय.