चाचणी ठीक आली, तरी विसरायला होते: एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी या तक्रारीचे काय करावे?

हिशेबनीस, मिरज

माझे वय ४४ आहे. २०११ मध्ये यजमान गेल्यानंतर माझी तपासणी झाली, तेव्हा सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची मोजणी) अवघे ९६ होते. तेव्हापासून एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, चालू आहे, एकही खाडा नाही, आणि गेली अनेक वर्षे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडत नाही. मी बचत गटाचा हिशेब लिहिते आणि घरी शिवणकाम करते. गेल्या वर्षभरात मात्र हप्ता कोणी दिला आणि कोणाचा राहिला, हे वही उघडल्याशिवाय सांगता येत नाही. एकच माप दोनदा घेतले जाते आणि बोलता बोलता नेमका शब्द ओठांवर येऊन अडतो. एआरटी केंद्रावर सांगितले तेव्हा बोटे आपटायला लावली, मूठ, तळवा आणि हाताची कड अशा क्रमाने हात ठेवायला सांगितले आणि चार शब्द आठवायला लावले. बारापैकी साडेअकरा गुण आले आणि “काही झालेले नाही” असे सांगून मला परत पाठवले. मग हे सारे माझ्या मनाचे खेळ समजायचे, की विषाणू मेंदूत शिरला असे समजायचे?

बाह्यरुग्ण विभागातील एक डॉक्टर

ताई, तुम्ही दोनच पर्याय मांडले आहेत आणि बहुधा खरे उत्तर त्या दोन्हींच्या बाहेर आहे. तुमची जी चाचणी झाली ती जाड चाळणी आहे. दहा किंवा त्याहून कमी गुण आले तर पुढे तपासायचे, असा तिचा नियम आहे. तिच्यातून तीव्र स्वरूपाचा बिघाड पकडता येतो, सौम्य बिघाड सहज निसटतो. त्यामुळे साडेअकरा गुणांचा अर्थ “मोठा आजार दिसत नाही” एवढाच आहे. “तक्रार खोटी आहे” असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

विषाणू मेंदूत पोहोचतो हे खरे आहे आणि तेही संसर्गाच्या सुरुवातीच्या काळातच. तो चेतापेशींना थेट ग्रासत नाही; मेंदूतल्या संरक्षक पेशींमध्ये राहतो आणि त्यांच्यामुळे होणारा दाह चेतापेशींना त्रास देतो. उपचार सुरू होण्यापूर्वी ज्यांचे सीडी४ फार खाली गेले होते त्यांच्यात बौद्धिक अडचणी अधिक आढळतात, म्हणून तुमचा ९६ हा आकडा मी दुर्लक्षित करणार नाही. तरीही गोळ्यांनी विषाणू दाबलेला असताना वर्षभरात अचानक वाढलेल्या विसराळूपणासाठी मी आधी दुसरीकडे शोध घेतो: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, साखर, रक्तदाब, झोप, आणि चव्वेचाळीशीत पाळी बदलू लागली असेल तर तेही.

एक गोष्ट अवश्य विचारा. एआरटीच्या पूर्वीच्या टीएलई गोळीत इफाविरेन्झ हे औषध होते. त्याने गरगरायचे, विचित्र स्वप्ने पडायची, म्हणून ती गोळी झोपताना घ्यायला सांगत असत. आताच्या टीएलडी गोळीत त्याऐवजी डोल्युटेग्राविर आहे आणि त्याने काहींची झोप उडते. जुन्या सवयीने ती गोळी रात्रीच घेत असाल तर वेळ सकाळी हलवता येईल का, हे केंद्रावर विचारून घ्या. परस्पर बदलू नका आणि मधला दिवस चुकवू नका.

निवृत्त ट्रकचालक

माझे उलट झाले होते. २००८ मध्ये, उपचार सुरू होण्यापूर्वी, मला स्वतःविषयी काहीच तक्रार नव्हती. तक्रार बायकोची होती: मी बोलायला वेळ लावतो, उत्तर अर्धवट सोडतो, चहाचा कप हातातून निसटतो. मी तिच्यावरच चिडायचो. गोळ्या सुरू होऊन काही महिने गेले आणि आपण किती मंद झालो होतो ते मला मागे वळून पाहताना कळले. म्हणून मला वाटते, ज्याला आपले विसरणे इतके नेमके सांगता येते त्याची स्मृती निदान स्वतःवर लक्ष ठेवण्याइतकी तरी शाबूत आहे. हा डॉक्टरांचा निष्कर्ष नव्हे, माझे मत आहे.

डॉक्टर (पुन्हा)

काकांच्या मतात तथ्य आहे. रुग्णाने सांगितलेला त्रास आणि चाचणीतले गुण यांचा मेळ अनेकदा बसत नाही. अमेरिकेतल्या चार्टर अभ्यासात एचआयव्हीसह जगणारे १,५५५ जण तपासले गेले आणि २०१० च्या निष्कर्षांत सुमारे निम्म्यांचे गुण कमी निघाले. पण त्यातल्या बहुतेकांना रोजच्या व्यवहारात अडचण जाणवत नव्हती. पुढे २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नुसत्या कमी गुणांना बिघाड म्हणू नये अशी भूमिका घेतली. ती मला रास्त वाटते, कारण शाळा फार न पाहिलेल्या माणसाला कागद-पेन्सिलची चाचणी दिली की गुण त्याच्या मेंदूपेक्षा शाळेविषयीच अधिक सांगतात.

समुपदेशिका

विसरण्याच्या तक्रारीचे नाते चाचणीतल्या गुणांपेक्षा उदासीशी अधिक घट्ट असते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. परंतु हे वाक्य केंद्रावर घाईत उच्चारले की ऐकणाऱ्याला “तुमची तक्रार खरी नाही” असेच ऐकू येते. उदासीमुळे लक्ष खरोखरच विस्कटते. जे नीट नोंदवलेच गेले नाही ते आठवणार कसे? शिवाय वर्षानुवर्षे गोळ्यांची बाटली लपवणे, केंद्राच्या रांगेत ओळखीचे कोणी दिसेल का म्हणून पदर ओढून बसणे, यातही डोके खर्च होत असते. उदासी तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती भरून घ्यायला सांगा. घरातले कोणी सोबत आणता आले तर त्यांचे निरीक्षण उपयोगी पडेल, मात्र त्यांना तुमची स्थिती कळणार असेल तर निर्णय पूर्णपणे तुमचा आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ती उघड करण्यास मनाई आहे. ताई, हे सुरू झाले त्या सुमारास घरी काही घडले होते का?

हिशेबनीस, मिरज

सर्वांचे आभार. गोळी मी अजूनही रात्री साडेनऊलाच घेते. टीएलडी आली तेव्हा वेळ बदलता येते हे माहीतच नव्हते. रात्री दोनला जाग येते ती पहाटेपर्यंत. मी शाकाहारी आहे आणि बी१२ कधी तपासलेले नाही. घरी म्हणाल तर गेल्या दिवाळीपासून मुलीसाठी स्थळे येऊ लागली आहेत, आणि तिला माझ्या आजाराविषयी अजून सांगितलेले नाही. पाहुणे येऊन गेले की दोन दिवस वहीत चुका होतात, हे आत्ता लिहिताना लक्षात आले. पुढच्या सोमवारी गोळ्या आणायला जायचे आहे, तेव्हा झोपेचे आणि बी१२चे आधी विचारीन. आणि विसरू नये म्हणून ते आजच हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.