हानशिन द्रुतगती मार्ग ही खरोखरच चूक होती का?

निशिनोमियाकर:
‘जपानच्या ओसाका-कोबे पट्ट्यात इतके उत्तम लोहमार्ग असताना उन्नत हानशिन द्रुतगती मार्ग बांधणे ही चूकच होती आणि १९९५ च्या कोबे भूकंपाने ती उघड केली,’ हे रूळप्रेमी यांचे विधान वाचून राहवले नाही. कोबेतल्या फुकाए येथे या मार्गाचा सुमारे ६३५ मीटर लांबीचा पूल आडवा झाला, हे खरे. परंतु तो जुन्या निकषांवर बांधलेल्या खांबांमुळे पडला, त्यावरून मोटारी धावत होत्या म्हणून नव्हे. त्याच पहाटे शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेचे पूल कोसळले आणि कोबेतले रोक्कोमिची रेल्वे स्थानकही खचले. मी बारा वर्षे गोदामात काम करतो. कोबे बंदरात उतरलेला माल आमच्या दारापर्यंत ट्रकनेच येतो.

रूळप्रेमी:
पूल दोन्हीकडचे पडले, हे मान्य करावे लागेल. पण नंतर काय झाले? जेआरचा (पूर्वीच्या सरकारी रेल्वेचा) मार्ग ७४ दिवसांत, १ एप्रिलला, पूर्ववत झाला. हानक्यू आणि हानशिन या दोन्ही खासगी रेल्वे जूनमध्ये. तुमचा द्रुतगती मार्ग मात्र ३० सप्टेंबर १९९६ रोजी. या पट्ट्यात रूळ आधी आले आणि शहर त्यांच्याभोवती वाढले. हानक्यूचे संस्थापक कोबायाशी इचिझो यांच्या कंपनीने १९१० मध्ये गाडी सुरू केली, रुळांलगत घरे विकली आणि १९२९ मध्ये ओसाकातल्या उमेदा स्थानकातच मोठे दुकान उघडले. रस्ता नंतर डोक्यावर लादला गेला.

उमेदाची प्रवासी:
त्याच कंपन्यांमुळे आमचे किती हाल होतात, तेही लिहा. जेआरचे ओसाका, हानक्यू आणि हानशिन यांची दोन वेगळी ओसाका-उमेदा, शिवाय मेट्रोची उमेदा, हिगाशी-उमेदा आणि निशि-उमेदा, ही सारी स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पुण्याहून आलेल्या माझ्या आईला गुडघेदुखी असताना या भुयारांतून पाऊण तास फिरावे लागले. कंपनी बदलली की किमान भाडे पुन्हा नव्याने द्यावे लागते, ते निराळेच.

रूळप्रेमी:
ताई, भाड्याचा मुद्दा बरोबर आहे. परंतु कंपन्यांमध्ये स्पर्धा आहे म्हणूनच गाड्या वेळेवर आणि वेगाने धावतात.

निशिनोमियाकर:
हे वाक्य लिहिताना आमागासाकीचा रेल्वे अपघात आठवला नाही का? २५ एप्रिल २००५ रोजी ७० किलोमीटर वेगमर्यादेच्या वळणावर जेआरची गाडी सुमारे ११६ च्या वेगाने शिरली आणि चालकासह १०७ माणसे गेली. आधीच्या स्थानकात गाडी पुढे गेल्याने जेमतेम दीड मिनिट उशीर झाला होता. ताकाराझुका शहराच्या प्रवाशांसाठी हानक्यूशी चढाओढ, वेळापत्रकात सवड नाही आणि चूक करणाऱ्या चालकांना अपमानास्पद शिक्षा, अशी ती स्पर्धा होती.

रूळप्रेमी:
मृतांचा आधार घेऊन वाद जिंकू नका. माझे शेजारी त्या गाडीत होते. ते वाचले, पण आजही पहिल्या डब्यात बसत नाहीत. त्या वळणावर वेग आपोआप रोखणारी नवी यंत्रणा बसवलेली नव्हती, हा गुन्हा व्यवस्थापनाचा आहे, रुळांचा नाही.

निशिनोमियाकर:
शेजाऱ्यांबद्दल ऐकून वाईट वाटले. तो सूर मी लावायला नको होता. पण मग फुकाएचे खांबही त्याच न्यायाने तपासा. तिथे दोष रस्त्याचा आणि इथे व्यवस्थापनाचा, असे कसे चालेल?

रूळप्रेमी:
‘चूकच’ हा शब्द मागे घेतो. शहराच्या मधोमध तो रस्ता नको होता, हे मात्र मागे घेत नाही.

उमेदाची प्रवासी:
आणि एका तिकिटावर दोन कंपन्यांच्या गाड्या कधी मिळणार, याचे उत्तर दोघांपैकी कोणीच दिलेले नाही.