मदत हवी आहे : बाबा आयसीयूत आहेत, त्यांची सांजेची प्रार्थना तिथे कशी पोचवता येईल?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिवसा तालुक्यातल्या खेड्यातले. सध्या मुक्काम जिल्ह्याच्या गावी, दवाखान्याच्या जिन्याखाली. बाबा (वय ७१) नऊ दिवसांपासून आयसीयूत आहेत. न्यूमोनिया होता, दोन दिवस अंगावर काढला, आता व्हेंटिलेटर. उपचारांबद्दल तक्रार नाही, डॉक्टर रोज नीट समजावून सांगतात. माझा प्रश्न वेगळा आहे.

बाबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. १९६८ साली महाराज गेले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. तेव्हापासून पुण्यतिथीला मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, जाऊन ४ वाजून ५८ मिनिटांची मौन श्रद्धांजली त्यांनी एकदाही चुकवली नाही. आणि रोज दिवेलागणीला भगवी टोपी घालून सामुदायिक प्रार्थना, मग खंजिरीवर दोन भजनं. अंगात ताप असला तरी. ती टोपी आत्ता आईच्या पिशवीत आहे.

आई पहिल्या दिवसापासून एकच विचारते, "तुह्या बाबाले सांज झाली मनून आतमंधी कोण सांगन?" मी तिला गप्प बसवत होतो. परवा झोपेचं औषध कमी केलं तर बाबा नळ्या ओढायला लागले, हात बांधावे लागले. सिस्टरने सांगितलं, याला डेलिरियम म्हणतात. आत खिडकी नाही, ट्यूबलाइट रात्रंदिवस चालू, मशीनचे आवाज. पेशंटला दिवस-रात्र कळेनासं होतं, आपली माणसं ओळखू येत नाहीत. चष्मा लावला, किती वाजले ते सांगत राहिलं, ओळखीचा आवाज कानावर पडला तर फरक पडू शकतो. ऐकून मला रडू आलं. आई नऊ दिवस तेच तर म्हणत होती.

तिने तीर्थ आणि अंगारा नेला होता. दारावरच्या माणसाने "इथे देवधर्म चालत नाही" म्हणून परत पाठवलं. पुढे सिस्टरने शांतपणे कारण सांगितलं : घशात नळी आहे, थेंबभर पाणीही फुप्फुसात उतरू शकतं, ऑक्सिजनजवळ उदबत्ती तर नाहीच. हे आईला लगेच पटलं. दारावरचं ते वाक्य मात्र अजून तिच्या मनातून जात नाही.

आम्ही एकटे नाही. शेजारच्या बाकावरच्या ताईंना सासूबाईंच्या कानात त्रिसरण-पंचशील म्हणायचं आहे. मेळघाटातून आलेलं एक कोरकू कुटुंब आहे, त्यांना भुमकाने (त्यांच्या पारंपरिक वैदूने) दिलेला दोरा मनगटाला बांधायचा आहे आणि ते मराठीत नीट सांगताही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) व्याख्येत शरीर आणि मनाच्या त्रासाबरोबर आध्यात्मिक त्रासही धरलेला आहे. पण पॅलिएटिव्ह हा शब्द काढला की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी आशा सोडली. बाबांच्या बाबतीत तसं काही नाही.

तर, इथे कोणी आयसीयूत काम करणारे असतील किंवा यातून गेलेले असतील, त्यांनी कृपया सांगा. भेटीची वेळ पाच ते पाच-दहा आहे. ती सूर्यास्ताच्या वेळेला सरकवून मागायची तर कोणाशी बोलावं, डॉक्टरांशी की इन्चार्ज सिस्टरशी? आई जवळ उभी राहून हळू आवाजात म्हणेल, शेजारच्या पेशंटला त्रास होणार नाही. ते जमत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड केलेली प्रार्थना उशाशी लावू देतात का? मोबाइल आत न्यायचा तर स्वच्छतेसाठी काय करावं? झोपेच्या औषधात असताना किती वेळ ऐकवावं, की त्याने उलट त्रास होतो? ती टोपी धुऊन, पॅकबंद करून निदान उशाजवळ ठेवू देतील का?

आणखी एक, लिहायला जड जातं आहे. वेळ वाईट आलीच तर आईला आत बोलवावं, तिच्या हातून ओठांवर तुळशीचं पान ठेवू द्यावं, हे आधीच सांगून ठेवायचं आहे. पण आम्ही हात टेकले असा अर्थ डॉक्टरांनी घेऊ नये, उपचार पूर्ण चालू राहावेत. हे कोणत्या शब्दांत बोलावं?

गावची मंडळी आज सांजेला प्रार्थना रेकॉर्ड करून पाठवणार आहेत, खंजिरीसकट. डॉक्टर उद्या सकाळी अकराला भेटतात. त्याआधी कोणी लिहिलं तर फार उपकार होतील.