एलसॅटचं (अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) रीडिंग, वेळच पुरत नाही

जर्सीची_मुलगी: लॉजिकल रीझनिंग बऱ्यापैकी जमतंय, पण रीडिंगमध्ये ३५ मिनिटांत ४ पॅसेज म्हणजे नुसती धावपळ, शेवटच्याला तर तुक्केच मारते. स्पीड रीडिंगचा कोर्स लावू का?

वकीलबुवा: कोर्सबिर्स कशाला गं, पैसे वाचव. वेळ वाचण्यात जात नाही, उत्तर शोधायला दहादा मागे जाण्यात जातो. प्रत्येक पॅरा संपला की दोन सेकंद थांब, हा पॅरा इथे का आलाय आणि लेखक कोणाच्या बाजूने बोलतोय एवढंच मनात म्हण. 'हाउएव्हर' दिसलं की कान टवकार, बहुतेक वेळा खरा मुद्दा तिथूनच सुरू होतो. तारखा, नावं पाठ करत बसू नको, ती कुठे आहेत तेवढं लक्षात ठेव.

निशाचर८८: +१. पॅसेजमध्ये 'काही इतिहासकार' आणि ऑप्शनमध्ये 'बहुतेक इतिहासकार' असेल तर तो ऑप्शन डोळे झाकून उडव. आणि लॉहबवरचे (परीक्षा घेणाऱ्यांचीच सराव साइट) जुने पेपर सोडवल्यावर लगेच उत्तरं बघू नको, आधी टायमर बंद करून तोच सेक्शन परत सोडव, मग कळतं घोळ वेळेचा आहे की समजण्याचा.

जर्सीची_मुलगी: ओके! आणि ते दोन छोटे पॅसेज जोडीने येतात त्याचं काय?

वकीलबुवा: पहिला वाच, मग दुसरा वाचताना फक्त बघ, पटतंय की भांडतायत. बाकी निगेटिव्ह मार्किंग नाहीये, तुक्के बिनधास्त मार 😄