वस्तीवरच्या शाळा मिळवून एक मोठी शाळा : आमच्या गटातल्या उमेदवाराचं म्हणणं पटतं का?

माणगंगा
जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आमच्या गटातला (म्हणजे मतदारसंघातला) एक उमेदवार शाळांच्या मुद्द्यावर मतं मागतोय. हे चांगलंच आहे, एरवी पत्रक रस्ता आणि सभामंडपाच्या पुढे सरकत नाही. पत्रकातला क्रम असा : वीसच्या आत पट असलेल्या वस्तीशाळा मिळून एक आदर्श शाळा आणि मुलांना मोफत बस, मग पहिलीपासून सेमी इंग्रजी, मग प्रत्येक वर्गात डिजिटल फळा. शिक्षकांच्या रिकाम्या जागांवर आणि चौथीत येऊनही अडखळत वाचणाऱ्या मुलांवर एक ओळ नाही.

माझा विरोध पहिल्याच मुद्द्याला आहे. २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक करण्याचा, विषय निघाला तेव्हा राज्यात अशा कमी पटाच्या शाळा १४,७८३ असल्याचा आकडा पुढे आला होता. त्यात मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. ही मुलं कुणाची? धनगरवाड्यावरची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, शेतात वस्ती करून राहणाऱ्यांची. शिक्षण हक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी, ते उगीच नाही. बस आली नाही त्या दिवशी पहिलीचं पोर घरीच. मुलगी सातवीत गेली की "रोज कुठं पाठवायची" म्हणून घरीच. शाळा एकदा वस्तीवरून उठली की परत येत नाही.

दोन लेकरांची आई
दादा, माझी मुलगी नऊ पटाच्या शाळेत होती. पहिली ते चौथी एका खोलीत. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आमच्याकडे वर्षभर एकच गुरुजी. ते तालुक्याला मीटिंगला गेले की शाळा बंद. तिसरीत ती एकटीच होती. सोबत पाढे म्हणायला कुणी नाही, खेळायला बरोबरीचं कुणी नाही. शेवटी मी तिला इंग्रजी शाळेत घातलं. रोज ९ किलोमीटर व्हॅनने जाते. मुलं लांब जातील म्हणून तुम्ही घाबरता, आमची मुलं आधीच लांब जातायत, फक्त भाडं आम्ही भरतो. ज्यांना परवडत नाही तेच वस्तीवर उरलेत. त्यांना बस मिळत असेल तर मी या उमेदवाराला मत देणार.

खडू
मी झेडपी शिक्षक, दोनशिक्षकी शाळेवर. ताईंचं दुःख खरं आहे, पण गुरुजी वर्गात का नसतात तेही बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं आम्हाला देता येतात. प्रत्यक्षात बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम बारमाही झालंय, त्यावर पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आधार, कुठली ना कुठली लिंक. मोठी शाळा केली तरी ही कामं सुटणार नाहीत.

डिजिटल फळ्याचं म्हणाल तर तीसपर्यंत पट असलेल्या शाळेचं वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार. खडू, दुरुस्ती, वीजबिल सगळं त्यातच. बिल थकलं की वीज तोडतात, मग फळा चालणार कशावर?

सेमीबद्दल एकच सांगतो : पहिलीत मूल बंजाऱ्यांची गोरमाटी नाहीतर खानदेशातली अहिराणी बोलत येतं. त्याला आधी मराठी धड वाचू द्या.

शिक्षण समिती
मी पूर्वी जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीचा सदस्य होतो, म्हणून स्पष्ट बोलतो. माणगंगा, तुम्ही उमेदवाराकडे जे मागताय ते त्याच्या हातात नाही. भरती राज्य सरकार पवित्र पोर्टलवरून करतं. बदल्या २०१७ च्या शासन निर्णयानंतर ऑनलाइन झाल्या. पदं संचमान्यतेने, म्हणजे पटावरून, ठरतात, आणि १५ मार्च २०२४ च्या निर्णयात तर सहावी ते आठवीला वीसच्या आत पट असेल तर शिक्षकच नाही. सदस्याला सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या पैशातून, खर्च सुचवता येतो, खोल्यांची दुरुस्ती मिळवता येते, समितीत अधिकाऱ्याला जाब विचारता येतो. बस आणि फळा त्यात बसतात. जमेल तेवढंच बोलणारा उमेदवार मला चालतो.

माणगंगा
सर, मग शाळा बंद करणं तरी सदस्याच्या हातात कुठं आहे? तेही वरूनच ठरतं. पण सभेत ठराव करून तो त्याला वाट मोकळी करून देऊ शकतो, तशी अडवूही शकतो. आणि सेसच म्हणता तर बसऐवजी माणसावर खर्च करा. आंतरजिल्हा बदल्यांनी कोकणातल्या शाळा रिकाम्या झाल्या तेव्हा तिथे स्थानिक डी.एड. झालेल्यांना मानधनावर घेतलं होतं. आपल्याकडे डी.एड. होऊन शेतात राबणारी पोरं कमी आहेत का?

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळाही बघा. २०२२ मध्ये पट तीनवर आला होता. २०२५ मध्ये तिला जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. पट कमी म्हणून तेव्हा कुलूप लावलं असतं तर?

दोन लेकरांची आई
तिथे दत्तात्रय वारे गुरुजी होते. प्रत्येक वाडीला तसा माणूस कुठून आणणार? मानधनावरची पोरंही दुसरी नोकरी लागली की जातात, वर्षाच्या मध्येच. तुम्ही ठराव करत राहाल, तोवर माझी मुलगी आठवीत जाईल.

खडू
ताई, मानधनाचं तुमचं बरोबर आहे. तरी सहा वर्षांच्या मुलाला रोज बसमध्ये घालणं मला शिक्षक म्हणून पटत नाही. पाचवीपासून एकत्र आणा, मी स्वतः पालकांना समजावीन. चौथीपर्यंत हात लावू नका.

शिक्षण समिती
उमेदवार रविवारी देवळात बैठक घेतोय. पत्रकावर टाळ्या वाजवण्यापेक्षा विचारा : गटातल्या कोणकोणत्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे त्याला पाठ आहे का? बसचं डिझेल दुसऱ्या वर्षी बजेटमधल्या कुठल्या लेखाशीर्षातून येणार? बसमध्ये लहान मुलांसोबत बाई कोण असेल? आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी लेखी नकार दिला तर तो सभेत कुणाच्या बाजूने हात वर करणार?

माणगंगा
शेवटचा प्रश्न मी विचारतो. ताई, बसचा तुम्ही विचारा.