शीव राखणाऱ्या घराण्याला काय म्हणावं?

प्रश्नकर्ता : दीर्घकथा लिहितोय. राज्य काल्पनिक, पण वाचक आपल्या नागपूर-वर्ध्याकडचे. दोन राजांनी हक्क सांगितलेला डोंगराळ मुलूख आणि तिथं सात पिढ्या गढी बांधून राहिलेलं घराणं. त्यांना पद काय द्यावं? 'सीमारक्षक' म्हटलं की खाकीतला जवान दिसतो. 'सरदार' फारच सैल.

सीताबर्डीकर : अंतपाल. थेट कौटिल्याचा शब्द. 'अर्थशास्त्रा'तला अंतपाल शिवेवर मालाच्या गाडीमागे सव्वा 'पण' (तेव्हाचं नाणं) वर्तनी, म्हणजे वाटेचा कर, घेतो आणि माल चोरीला गेला तर भरूनही तोच देतो. शिवाय विदर्भाशी नातं आहेच. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राणीचा भाऊ वीरसेन अंतपालदुर्गावर नेमलेला असतो, आणि शेवटी विदर्भाची वाटणी होते ती वरदेच्या, म्हणजे आपल्या वर्धेच्या, दोन काठांवर.

महालकर : शब्द देखणा आहे काका, पण हा पगारी माणूस. कौटिल्यानं त्याला बारा हजार पण ठरवून दिलेत. राजाची मर्जी फिरली की गेला. वेल्सच्या शिवेवर नॉर्मन राजांनी बसवलेले उमराव बघा. राजाला न विचारता किल्ले बांधायचे, न्यायनिवाडा स्वतःच करायचे. १५३६ च्या कायद्यानं त्यांचे अधिकार मोडून काढावे लागले. अशी मुजोरी पगारातून येत नाही, जमिनीतून येते. आपल्याकडे ते वतन. सरंजामही नव्हे, कारण तो फौजेच्या चाकरीसाठी दिलेला, परत घेता येण्याजोगा.

माझी कसोटी साधी आहे. पद घरात मुरलं की त्याचं स्त्रीलिंगी रूप आपोआप होतं : पाटलीण, देशमुखीण. 'अंतपालीण' मोठ्यानं म्हणून पाहा.

इतवारीवाला : मग देशमुख काहून नको? शिवेचे देशमुख! नाहीतर 'धुरेकरी'. आपल्याकडे भांडणं धुऱ्यावरचीच असतात.

महालकर : धुरा म्हणजे शेताचा बांध, भाऊ. राज्याला तोकडा पडतो. 'शीव'ही गावापुरतीच वाटते. 'सरहद्दीचे देशमुख' मात्र चालेल, देशमुखी परगण्याची असते.

मुलखासाठीचा शब्द तर वऱ्हाडातच पडून आहे : दुअंमल. निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघांचेही वसुलीदार त्याच गावांत. १८०३ च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला, तोवर हे चाललं. 'वादग्रस्त सीमाप्रदेश' हे बातमीतलं मराठी झालं. 'दुअंमली मुलूख' म्हटलं की राजांच्या भांडणाआधी रयत दिसते, आज याला सारा देऊ की त्याला या विवंचनेतली.

प्रश्नकर्ता : 'दुअंमली' घेतला. आणि 'अंतपाल'ही टाकत नाही. घराणं स्वतःला सरहद्दीचे देशमुख म्हणवेल. दरबारचा पंडित मात्र प्रत्येक आज्ञापत्रावर मायना 'अंतपाल' असाच घालेल, कारण राजाच्या लेखी ते नोकरच. मला भांडणाचं निमित्त हवं होतं, ते मायन्यातच सापडलं.

सीताबर्डीकर : हे बेस. फक्त 'दुअंमली'वरचा अनुस्वार मुद्रितशोधक उडवेल, त्याला आधीच सांगून ठेवा.