मदत हवी आहे: ‘जीएच’ने सुरू केलेले डिप्लॉयमेंट नेमके कोणते, हे स्क्रिप्टने कसे ओळखावे?

नमस्कार.

आमचा ४ जणांचा गट पतसंस्थांसाठी हिशेबाचे एक सॉफ्टवेअर सांभाळतो. कोड गिटहबवर आहे आणि नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याचे काम (डिप्लॉयमेंट) गिटहब ॲक्शन्समधील एका वर्कफ्लोकडे, म्हणजे आपोआप पार पडणाऱ्या पायऱ्यांच्या मालिकेकडे, सोपवलेले आहे. ब्राउझरमध्ये जाऊन बटण दाबण्याऐवजी आम्ही ‘जीएच’ हे गिटहबचेच कमांड लाइन साधन वापरतो. ‘जीएच वर्कफ्लो रन’ या कमांडला ब्रँचचे (कोडच्या शाखेचे) नाव आणि ‘स्टेजिंग’ (चाचणीसाठी) किंवा ‘प्रॉडक्शन’ (ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरासाठी) हे इनपुट दिले की काम सुरू होते. हे सारे एका शेल स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवलेले आहे.

अडचण त्यापुढच्या टप्प्यात आहे. आमच्या मशीनवरील ‘जीएच’ची आवृत्ती जुनी असून मंजुरीशिवाय ती बदलता येत नाही, त्यामुळे ती अद्ययावत करण्याचा सल्ला तूर्त उपयोगाचा नाही. या आवृत्तीत टर्मिनलवर कमांड दिली तर विनंती नोंदवली गेल्याचा एक संदेश तेवढा दिसतो, आणि स्क्रिप्टमधून तिचे आउटपुट पकडू गेल्यास तोही मिळत नाही. सुरू झालेल्या रनचा (वर्कफ्लोच्या त्या एका फेरीचा) क्रमांक कुठेच हाती लागत नसल्यामुळे, ५ सेकंद थांबून ‘जीएच रन लिस्ट’च्या यादीतील सर्वांत वरचा रन उचलायचा आणि तो संपेपर्यंत लक्ष ठेवणाऱ्या ‘जीएच रन वॉच’कडे द्यायचा, असा मार्ग मी काढला होता.

मागच्या आठवड्यात मी प्रॉडक्शनचे डिप्लॉयमेंट सुरू केले आणि त्याच क्षणी एका सहकाऱ्याने स्टेजिंगचे. माझ्या स्क्रिप्टने त्याचा रन उचलला, तो सुरळीत पार पडला, आणि काम झाल्याचे मी ग्राहकाला कळवूनही टाकले. प्रत्यक्षात प्रॉडक्शनचा रन डेटाबेस मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलण्याच्या) पायरीवरच अडकून पडला होता. चूक साधनाची नाही, माझ्या स्क्रिप्टची आहे, हे मान्य आहे.

त्यानंतर रन सुरू झाल्याच्या वेळेवरून तो शोधून पाहिला. यादीतील वेळ यूटीसीमध्ये असते आणि मी भारतीय वेळेशी तुलना करत होतो, त्यामुळे साडेपाच तासांच्या फरकाने आधी काहीच सापडेना. तो फरक दुरुस्त केला तरी एकाच सेकंदात सुरू झालेले २ रन वेगळे काढता येत नाहीत. वापरकर्त्याच्या नावाने गाळणीही लावता येते, परंतु आम्ही सर्व जण एकाच सामाईक खात्याचे टोकन (प्रवेशाची किल्ली) वापरतो.

आणखी एक शंका आहे. प्रॉडक्शनसाठी ‘कन्करन्सी’ गट (एका वेळी एकच रन चालू देणारी सोय) ठेवलेला आहे आणि चालू रन रद्द करू नये असेही लिहिलेले आहे. तरीही लागोपाठ ३ रन सुरू केल्यावर मधला आपोआप रद्द झाला. असे का व्हावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

वेळेवरून अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्येक रनवर आपली स्वतःची खूण उमटवावी. वर्कफ्लोमध्ये ‘खूण’ अशा अर्थाचे एक जादा इनपुट जाहीर करा आणि फाइलच्या आरंभी ‘रन-नेम’ या किल्लीत त्या इनपुटचे मूल्य वापरा. स्क्रिप्टने दर वेळी नवा यूयूआयडी (पुन्हा न येणारी ओळख-खूण) तयार करून तो त्या इनपुटातून पाठवावा. मग ‘जीएच रन लिस्ट’कडून जेसॉन या स्क्रिप्टला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात शीर्षक आणि क्रमांक मागवून, ज्याच्या शीर्षकात तो यूयूआयडी आहे तोच रन निवडावा. रन यादीत यायला क्षणभर लागतो, म्हणून एकदाच थांबण्याऐवजी दर २ सेकंदांनी पाहावे आणि मिनिटभरात न सापडल्यास स्क्रिप्टने अपयश कळवून थांबावे. ‘सापडला नाही तर सर्वांत वरचा घ्या’ अशी पळवाट मात्र चुकूनही ठेवू नये.

‘जीएच रन वॉच’ला ‘एक्झिट-स्टेटस’ हा फ्लॅग (कमांडसोबतचा पर्याय) देता का, तेही तपासा. तो नसेल तर रन अपयशी ठरला तरी कमांड शून्य हा यशाचाच संकेत परत करते, म्हणजे योग्य रन सापडूनही आपली स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणत राहील.

आपल्या शंकेविषयी: कन्करन्सी गट म्हणजे रांग नव्हे. मुळात त्यात १ रन चालू आणि १ प्रतीक्षेत, एवढ्यांनाच जागा असते. तिसरा आला की प्रतीक्षेतला रद्द होतो. आपण लिहिलेली अट फक्त चालू रनला वाचवते.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘एक्झिट-स्टेटस’ खरोखरच दिलेला नव्हता. मुख्य ब्रँचवर खुणेची युक्ती लगेच चालली. जुन्या रिलीज ब्रँचवर मात्र ४२२ क्रमांकाची त्रुटी आली आणि अनपेक्षित इनपुट मिळाल्याची तक्रार दिसली. वर्कफ्लो ज्या ब्रँचवर चालवायचा तिथलीच फाइल वाचली जाते आणि त्या फाइलमध्ये नवे इनपुट जाहीर केलेले नव्हते, हे लक्षात यायला अर्धा तास गेला. तो बदल दोन्ही रिलीज ब्रँचमध्ये घेतला आणि आज मुद्दाम सहकाऱ्यासोबत एकाच वेळी डिप्लॉयमेंट सुरू करून पाहिले. दोघांच्याही स्क्रिप्टने आपापला रन बरोबर पकडला.